पाऊल हलके पडावे म्हणून

फॉकलंड बेटांवर कुदळ मारली तर बऱ्याच ठिकाणी आधी माती लागत नाही, पीट लागते. थंड, पाणथळ जमिनीत हजारो वर्षे अर्धवट कुजत पडलेले गवत, शेवाळ आणि मुळ्या यांचा हा काळपट थर ओल्या स्पंजासारखा असतो. बेटावरचे लोक तो विटांसारखा कापून वाळवत आणि चुलीत घालत. वाळला की सरपण, ओला असला की दलदल. १९८२ साली स्टॅन्ली हे राजधानीचे छोटेसे गाव सोडले की रस्ते जवळजवळ नव्हतेच. मेंढपाळ घोड्यावरून जात, नाहीतर लँड रोव्हरमधून, आणि तीही वाटेत रुतणार हे गृहीत धरून. त्या वर्षी या जमिनीसाठी दोन देश लढले आणि दोघांनीही टेहळणीच्या चिलखती गाड्या तिथे नेल्या.

अर्जेंटिनाच्या गाड्या फ्रेंच बनावटीच्या पानार होत्या. चार चाके, वर ९० मिलिमीटरची तोफ. अशा १२. कागदावर मांडले तर ब्रिटिशांच्या कोणत्याही गाडीपेक्षा त्यांची तोफ मोठी होती. पण डांबर सुटले की चाक रुतणार, त्यामुळे युद्धभर त्या स्टॅन्लीच्या आसपासच राहिल्या आणि शरणागतीनंतर ब्रिटिशांना आयत्या मिळाल्या. ब्रिटिशांनी आठ गाड्या आणल्या होत्या, चार स्कॉर्पियन आणि चार सिमिटार. शिवाय अडकलेली गाडी ओढून काढणारी एक सॅमसन. या गाड्या चाकांवर नव्हे, पट्ट्यांवर चालणाऱ्या, प्रत्येकी आठ टनांच्या आसपास. ज्या काळात ब्रिटिशांचा मुख्य रणगाडा पन्नास टनांच्या पुढे गेला होता त्या काळात आठ टन म्हणजे खेळण्यातली गाडी वाटावी. अनेक सेनाधिकाऱ्यांना तशीच ती वाटली.

या गाडीचा जन्म कॉव्हेंट्री शहरात अल्विस कंपनीत झाला. १९६७ साली नमुन्यांचे कंत्राट मिळाले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या पलटणींत दाखल होऊ लागल्या. अट अशी होती की हर्क्युलिस विमानात एका वेळी दोन गाड्या मावल्या पाहिजेत. त्यासाठी रुंदी जेमतेम सव्वादोन मीटर ठेवली, पोलादाऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चिलखत घेतले आणि इंजिन घेतले ते त्याच शहरातल्या जग्वारचे, ४.२ लिटरचे पेट्रोल इंजिन. शौकीन लोक ज्या कुळातले इंजिन स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली मिरवत, ते इथे थोडी ताकद कमी करून चालकाच्या शेजारी बसवले. गाडी ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत पळे. २००२ साली अशाच एका स्कॉर्पियनने ८२.२३ किलोमीटरचा वेग गाठून गिनेस बुकात सर्वांत वेगवान रणगाडा म्हणून नोंद करून घेतली. एकाच सांगाड्यावर सात प्रकारच्या गाड्या बांधल्या आणि सातांची नावे 'स'ने सुरू होणारी ठेवली. स्कॉर्पियनवर ७६ मिलिमीटरची तोफ आणि सिमिटारवर ३० मिलिमीटरची नेमकी, दूरवर मारा करणारी तोफ. बाकीच्यांत क्षेपणास्त्राची स्ट्रायकर, माणसे नेणारी स्पार्टन, जखमींची समॅरिटन, अधिकाऱ्यांची सुलतान आणि वर आलेली सॅमसन.

पण या गाडीचा खरा गुण वेगात नाही, पट्ट्याखालच्या दाबात आहे. आठ टन वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरले की जमिनीच्या दर चौरस इंचावर सुमारे पाच पौंडांचाच भार येतो. पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्या सैनिकाच्या बुटाखाली याहून जास्त असतो. म्हणजे जिथे गाडी उभी राहील तिथे तिच्यातून खाली उतरलेला माणूस गुडघाभर आत जाऊ शकतो. हे गणित शाळकरी मुलालाही सोडवता येईल, पण डोळ्यांना ते पटत नाही. धातूचा डबा चिखलात बुडणार, असे डोळे आपल्याला बजावत असतात.

टेहळणी हे मुळात घोडदळाचे काम. मुख्य फौजेच्या पुढे जायचे, शत्रू कुठे आहे, किती आहे, वाट कशी आहे ते पाहायचे आणि जिवंत परत येऊन सांगायचे. यात परत येणे महत्त्वाचे. मराठी वाचकाला हलक्या फौजेची महती वेगळी सांगायला नको. खोगिराखेरीज फारसे ओझे न बाळगणारे स्वार आणि पुढे पानिपतावर बाजारबुणग्यांसह अडकून पडलेली फौज, ही दोन्ही चित्रे आपल्याच इतिहासातली आहेत. फॉकलंडला गेलेल्या आठ गाड्या ब्लूज अँड रॉयल्स या रेजिमेंटच्या होत्या. राजाच्या मिरवणुकीत चकचकीत उरस्त्राण घालून घोड्यावरून जाणारे जे स्वार पर्यटक पाहतात ते या रेजिमेंटचेही असतात. घोडेस्वारी आणि चिलखती टेहळणी ही दोन्ही कामे तिच्याकडे आहेत आणि हुद्द्यांच्या नावांतही घोडा उरला आहे; इतरत्र ज्याला सार्जंट म्हणतील त्याला तिथे 'कॉर्पोरल ऑफ हॉर्स' म्हणतात. फॉकलंडचे युद्ध संपून पाच आठवडे झाले असतील, तोच २० जुलै १९८२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये आयरिश बंडखोरांनी ठेवलेल्या बॉम्बने या रेजिमेंटचे चार स्वार आणि सात घोडे मारले. दक्षिण अटलांटिकमधून ज्या रेजिमेंटची माणसे धडपणे परतत होती, तिची माणसे घराजवळच्या बागेत, मिरवणुकीच्या पोशाखात गेली.

२१ मे रोजी ब्रिटिश फौज सान कार्लोसच्या खाडीत उतरली. स्टॅन्ली तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर. बेत असा होता की माणसे मोठ्या हेलिकॉप्टरांनी पुढे न्यायची. २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले, तीन चिनूक हेलिकॉप्टर आणि बरीचशी वेसेक्स जळाली आणि माणसांनी पाठीवर ओझी घेऊन चालायचे ठरले. तीन दिवसांनी, २८ मे रोजी, पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने, म्हणजे दुसऱ्या पॅराने, गूझ ग्रीनवर हल्ला केला.

माझ्या मते या गाडीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची लढाई हीच, आणि त्या लढाईत ही गाडी नव्हती. उघड्या माळावर, झाड नाही की बांध नाही अशा पट्टीवर सुमारे साडेचारशे माणसे मोर्चे बांधून बसलेल्या शत्रूवर चालून गेली. पाठीशी १०५ मिलिमीटरच्या तीन तोफा आणि बटालियनच्या फक्त दोन उखळी तोफा होत्या. 'अॅरो' या युद्धनौकेची तोफ ऐन वेळी अडकली. रात्री सुरू झालेला हल्ला उजाडेपर्यंत संपला नाही आणि मग माणसे दिवसाउजेडी मशीनगनसमोर आली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स खंदकावर धावून जाताना पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाची तुकडी शरण आली, लढाई जिंकली, पण पंधराहून अधिक ब्रिटिश जवान गेले आणि अर्जेंटिनाचे त्याहून पुष्कळ अधिक.

आठही गाड्या त्या दिवशी बेटावरच होत्या, सान कार्लोसच्या आसपास. त्या गूझ ग्रीनला पाठवल्या नाहीत याची कारणे एकाहून जास्त असतील. लढाई घाईत ठरली, इंधनाची ओढाताण होती. पण पीटवर चिलखती गाडी टिकणार नाही ही शंका त्यांत होती. कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी कामचुकारपणा केला नव्हता. प्रति चौरस इंच पाच पौंड हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात होता. तो कोणाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला नाही, इतकेच.

मग गाड्या निघाल्या. उत्तरेकडून टील इनलेटच्या बाजूने त्या पुढे सरकल्या आणि नंतर डोंगर ओलांडून दक्षिणेला ब्लफ कोव्हकडे आल्या. हा दुसरा टप्पा अशा मुलखातून होता की नकाशा पाहून अधिकाऱ्यांनी बराच वेळ लागेल असे गृहीत धरले होते. गाड्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी पोहोचल्या. दगडांचे लोंढे, ओढे, पीटचे खड्डे सगळे वाटेत होते. अडकल्या, ओढून काढल्या, पुन्हा चालल्या.

१३ जूनच्या रात्री त्या लढल्या. टम्बलडाउन डोंगरावर स्कॉट्स गार्ड्सचा मुख्य हल्ला होता; शत्रूचे लक्ष वळवण्यासाठी दक्षिणेकडच्या रस्त्याने एक छोटा हल्ला केला गेला आणि त्यात लेफ्टनंट मार्क कोरेथच्या ट्रूपच्या गाड्या होत्या. त्याची स्कॉर्पियन सुरुंगावर गेली. गाडी निकामी झाली, आतली माणसे जिवंत बाहेर आली. (पुढे सैन्य सोडल्यावर हा कोरेथ प्राण्यांची शिल्पे घडवणारा नामांकित शिल्पकार झाला.) त्याच रात्री उत्तरेला वायरलेस रिजवर दुसरा ट्रूप दुसऱ्या पॅराबरोबर होता. गूझ ग्रीनवर लढलेली तीच माणसे, नवा कमांडिंग ऑफिसर. लेफ्टनंट कर्नल डेव्हिड चॉन्डलर इंग्लंडहून विमानाने निघून थेट समुद्रात पॅराशूटने उतरला होता आणि ओला होऊन बटालियनकडे पोहोचला होता. या वेळी दोन बॅटऱ्या तोफा होत्या, युद्धनौकेचा मारा होता, उखळी तोफा पुरेशा होत्या आणि चार छोट्या गाड्या होत्या. त्यांच्या दुर्बिणी अंधुक चांदण्यातही पाहू शकत. त्या उतारावर थांबून शत्रूची मशीनगन चमकली की तिथे नेम धरत. पुढच्या मोर्च्यावर माणसे चालून जाण्याआधी तो मोर्चा बंद पडलेला असे. वायरलेस रिजवर दुसऱ्या पॅराचे तीन जवान गेले.

दोन लढायांतला सगळा फरक आठ टनांच्या गाड्यांमुळे पडला असे मी म्हणणार नाही. तोफखान्याचा वाटा मोठा होता. पण गूझ ग्रीनच्या उघड्या पट्टीवर, शत्रूच्या खंदकांच्या समोर त्यांपैकी दोनसुद्धा उभ्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न त्या बटालियनच्या माणसांना टाळता येणे कठीण होते. १४ जूनला गाड्या स्टॅन्लीच्या वेशीवर होत्या. शरणागती झाली. सगळे मिळून २५५ ब्रिटिश आणि ६४९ अर्जेंटिनी सैनिक गेले.

भारतीय वाचकाला या प्रसंगातून झोजीला आठवणे साहजिक आहे. १९४८ साली लडाखची वाट अडली होती ती या खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, आणि पायदळाचा हल्ला सप्टेंबरात फसला होता. जनरल थिमय्यांनी ठरवले की वर रणगाडे न्यायचे. सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट हे हलके रणगाडे बुरूज काढून, झाकून जम्मूच्या बाजूने श्रीनगरला आणले गेले. मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खेचरांच्या वाटेचा गाडीरस्ता केला. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, 'स्पॅरो' या टोपणनावाने जास्त परिचित, यांच्या हाताखाली १ नोव्हेंबरला बर्फाळ हवेत रणगाडे खिंडीत घुसले. वर बसलेल्यांनी तिथे रणगाडा येईल हे स्वप्नातही धरले नव्हते. तिथेही शंका रणगाड्याबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त होती. फरक इतकाच, थिमय्या शंकेच्या अलीकडे थांबले नाहीत.

फॉकलंडनंतर स्कॉर्पियनचा बोलबाला वाढला आणि त्याबरोबर तिचा गैरवापरही. ती जगभर विकली गेली होतीच. इराणच्या शहाने घेतलेल्या गाड्या त्याच्या पाडावानंतर इराकविरुद्ध लढल्या. इंडोनेशियाने नव्वदच्या दशकात घेतलेल्या स्कॉर्पियन २००३ साली आचे प्रांतात आपल्याच बंडखोरांविरुद्ध उतरल्या आणि ब्रिटिश संसदेत विचारणा झाली की अंतर्गत दडपशाहीसाठी वापरणार नाही या आश्वासनाचे काय झाले. शत्रूला पाहून परतण्यासाठी बांधलेली गाडी गावाच्या चौकात उभी केली की ती पाहत नाही, दाखवते. हलकी आहे म्हणून शहरात नेता येते, गल्लीतून जाते, आणि मग तिचे काम धाक घालणे एवढेच उरते. बोस्नियात याच सिमिटार पांढऱ्या रंगात, संयुक्त राष्ट्रांच्या नावाने उभ्या राहिल्या. ते मात्र निदान तिच्या स्वभावाच्या जवळचे काम होते.

टेहळणीच्या गाडीने शत्रूला दिसायचे नसते, पण आपल्या माणसांना ओळखता यावे लागते. २८ मार्च २००३ रोजी बसऱ्याच्या उत्तरेला शत-अल-अरबच्या काठाने हाउसहोल्ड कॅव्हलरीच्या सिमिटार मुख्य फौजेच्या पुढे जात होत्या, जिथे असायला हव्यात अगदी तिथे. गाड्यांवर ओळखीसाठी केशरी पट्टे टाकलेले होते. वरून अमेरिकेची दोन ए-१० विमाने गेली. वैमानिकांना ते केशरी रंग रॉकेट वाटले. पहिल्या फेरीत दोन सिमिटार पेटल्या. अठरा वर्षांचा चालक ट्रूपर ख्रिस्तोफर फिनी पेटत्या गाडीतून बाहेर पडला, परत फिरून त्याने जखमी गनरला ओढून काढले, मग पुन्हा गाडीत शिरून रेडिओवर खबर दिली. दुसऱ्या फेरीत तो स्वतः जखमी झाला, तरीही दुसऱ्या गाडीकडे मदतीला गेला. त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. मात्र लान्स कॉर्पोरल ऑफ हॉर्स मॅटी हल त्या गाडीतून बाहेर येऊ शकला नाही.

पुढची चार वर्षे त्याच्या घरच्यांना नेमके काय झाले ते कळले नाही. विमानातील कॅमेऱ्याची चित्रफीत न्यायालयात द्यायला अमेरिका तयार नव्हती. फेब्रुवारी २००७ मध्ये ती एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या हाती लागली आणि जगाने ऐकली. ऑक्सफर्डच्या कोरोनरने (मुंबईकरांना हा शब्द जुना ओळखीचा आहे) हा मृत्यू बेकायदेशीर ठरवला. मला त्या प्रकरणात वैमानिकांच्या चुकीइतकाच दुसरा भाग अस्वस्थ करतो. छोटी, बसकी, शेतात लपेल अशी गाडी बांधण्यासाठी किती डोकी झिजली होती. आकाशातून पाहणाऱ्याला ती दिसत होती, फक्त ओळखता येत नव्हती, आणि खाली पाहत बसलेल्या माणसांना वर सांगायला मार्ग नव्हता.

अफगाणिस्तानने हलकेपणाची दुसरी किंमत वसूल केली. अॅल्युमिनियमचा सपाट तळ रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकांपुढे टिकत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये मुसा कलाजवळ एका हल्ल्यात स्पार्टन उद्ध्वस्त होऊन आतील तिघे गेले. मग तळ भक्कम केले, लोखंडी जाळ्या लावल्या, जग्वारच्या जागी डिझेल इंजिन तर आधीच आले होते. स्कॉर्पियन तोवर ब्रिटनमध्ये निवृत्त झाली होती. ७६ मिलिमीटरची तोफ डागली की बुरूज विषारी धुराने भरे, आणि तिच्या सांगाड्यावर चाकांच्या फॉक्स गाड्यांचे बुरूज बसवून 'सेबर' नावाची संकरित गाडी केली होती. प्रत्येक सुधारणेने काही किलो वाढवले. वाढवायलाच हवे होते. आत बसलेल्या पोराच्या आईला दाबाचे गणित सांगून समाधान होणार नाही.

२०२३ साली ब्रिटिश सैन्याने सिमिटारला निरोप दिला. तिच्या जागी येणारी एजॅक्स अडतीस टनांच्या घरात आहे, म्हणजे जवळजवळ पाचपट. तिच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण आत बसणाऱ्या सैनिकांना आवाज आणि थरथर सहन होईना. शेकडो जणांचे कान तपासावे लागले. टेहळणी करायला पाठवलेल्या माणसालाच ऐकू येईनासे व्हावे, यावर विनोद करण्याचा मोह मी आवरतो. आता शत्रू पाहण्याचे काम छोटे ड्रोन करतात आणि त्यांचे पाऊल जमिनीवर पडतच नाही. गाडीला हलके असण्याची सक्ती उरली नाही, असे नियोजन करणाऱ्यांनी मानले असावे.

जुन्या गाड्या मात्र संपलेल्या नाहीत. लातवियाने २०१४ साली ब्रिटनकडून अशा १२३ जुन्या गाड्या विकत घेतल्या. त्यांपैकी काही पुढे युक्रेनला गेल्या, आणि युक्रेनमधल्या लोकांनीही वर्गणी काढून युरोपभरच्या व्यापाऱ्यांकडे पडलेल्या डझनावारी गाड्या शोधून, दुरुस्त करून आघाडीवर पाठवल्या. त्यांत बऱ्याच बिनतोफेच्या आहेत, माणसे नेणाऱ्या स्पार्टन आणि जखमींना आणणाऱ्या समॅरिटन. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळते, तिथली काळी माती ट्रकच्या धुऱ्यापर्यंत गिळते, आणि तेव्हा खंदकातून स्ट्रेचर बाहेर काढायला काही ठिकाणी हीच पन्नास वर्षांची गाडी जाते.